अकरा नावांचं घर आणि एक लाखाचा इसार

मावशी, नमस्कार. मी रत्नागिरीत एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. मिस्टर मिरजोळे एमआयडीसीत कामाला. दोघांचे मिळून महिन्याला हातात 58 हजार येतात. तीन वर्षं नाचण्याला साडेआठ हजार भाडं भरून राहतोय. साठवलेले 9 लाख आहेत, अजून कर्ज कसलंच नाही.

पावसच्या पुढे एक जुनं चिरेबंदी घर पाहिलं. सव्वापाच गुंठे जागा, विहीर, बारा माड, पडवीत उभं राहिलं की समुद्र दिसतो. घरवाले मुंबईला असतात. 22 लाख म्हणतात, त्यातले 4 रोख. सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, पण 'सगळ्यांची संमती आहे' असं धाकटे भाऊ सांगतात. एजंट म्हणतो, गणपतीला सगळे गावी येतील तेव्हा सह्या होतील, तोवर एक लाख इसार द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. मिस्टरांना तिथे पुढे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढायच्या आहेत.

दुसरा पर्याय कुवारबावच्या अंगाला नवीन इमारतीत टू बीएचके, 36 लाख, ताबा दीड वर्षाने. सासूबाई म्हणतात या वर्षी गणपती स्वतःच्या घरात बसला पाहिजे.

तसं आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरचा वन बीएचके पण विकायला निघालाय, 26 लाख. पण इमारत बारा वर्षं जुनी, आणि रोजचीच. त्याचा विचार केला नाही. सातबाऱ्याचा आणि एका फेरफाराचा फोटो सोबत पाठवते. काय करू?

तुमची एक वाचक, रत्नागिरी

—

बायो, आधी उत्तर देते, बाकीचं दुपारच्या वेळी सावकाश वाच. एक लाख देऊ नकोस. गणपतीच्या आधी तर नाहीच, आणि नंतरही खाली लिहिलेलं सगळं होईपर्यंत नाही. तुझ्या मिस्टरांना हे पत्र वाचून दाखव, म्हणजे नकार मी दिला असं होईल आणि तुमच्या घरात भांडण होणार नाही.

सातबाऱ्याचा फोटो पाठवलास हे फार बरं केलंस. मी बँकेच्या कर्ज विभागात असताना लोक घराचे फोटो घेऊन यायचे, दारासमोरच्या रांगोळीसकट. कागद मागितला की म्हणायचे, 'आणतो, आहे कुठेतरी.' तू कागद आधी पाठवलास. मात्र तो वाचलेला दिसत नाही, म्हणून आता आपण दोघी मिळून वाचू.

सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा आहे असं गावात सगळे धरून चालतात. मुळात तो महसूल खात्याचा उतारा. मालकीचा वाद कोर्टात गेला तर खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा हे तपासलं जातं. तरीही सुरुवात इथूनच करायची, कारण भांडण कुठून उगवणार ते यात दिसतं. फोटोवर विसंबू नकोस. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत निघतो, तो आजच काढ. एजंटाच्या मोबाइलमधला फोटो कोणत्या सालचा आहे हे एजंटालाही ठाऊक नसतं.

आता ती अकरा नावं. फेरफार, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद, 1983 सालचा आहे, वारस नोंदीचा. आजोबा वारले आणि त्यांची मुलं लागली. नीट बघ, सगळी पुरुषांची नावं. त्या घरात एकही मुलगी जन्मली नसेल यावर तुझा विश्वास बसतो का? माझा नाही बसत. कोकणातल्या जुन्या फेरफारांत बहिणींची नावं लावायचीच नाहीत अशी रीत होती. 'ती दिली घरी गेली' म्हणून तलाठ्यासमोर सांगितलं की काम संपलं. पण कायद्याने तिचा हक्क त्यामुळे जात नाही. हिंदू वारसा कायद्यातली 9 सप्टेंबर 2005 ची दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2020 चा निकाल वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क देतात, आणि त्या 2005 च्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. प्रत्येक घराण्याची गोष्ट वेगळी असते, कोण कधी वारलं त्यावर हिस्सा बदलतो, ते वकील सांगेल. मला एवढंच सांगायचंय की पनवेलला किंवा संगमेश्वराला दिलेली एखादी आत्या या घराच्या पडवीत अजून उभी आहे, तुला ती दिसली नाही इतकंच. तिचं हक्कसोडपत्र नोंदवलेलं नसेल तर तिची सही लागेल. ती नसेल तर तिच्या मुलांची.

शिवाय 1983 मध्ये जे लागले त्यांतले किती जण आज हयात आहेत? त्यातल्या प्रत्येक मयताच्या जागी तीन-चार वारस धर. अकराचे वीस होतात, पंचवीस होतात. 'सगळ्यांची संमती आहे' हे धाकटे भाऊ खोटं सांगतात असं मी म्हणत नाही. त्यांना खरंच तसं वाटत असेल. गणपतीत आरतीनंतर सगळे पडवीत बसलेले असतात तेव्हा संमती असतेच. पैसे वाटायची वेळ आली की एखाद्याला आठवतं, छपराची कौलं 1996 मध्ये आपण एकट्याने बदलली होती.

समजा एकाची किंवा चौघांची सही झाली आणि बाकीचे अडले. तर तुला मिळेल तो त्या चौघांचा अविभक्त हिस्सा, म्हणजे घर नाही आणि विहीरही नाही. वर मालमत्ता हस्तांतरण कायद्यात एक जुनी तरतूद आहे, जी फार थोड्या खरेदीदारांना माहीत असते: एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तर त्याला इतरांच्या बरोबरीने त्या घरात ताबा मागता येत नाही. आधी वाटपाचा दावा लावायचा. तो निकाली निघेपर्यंत तुझी मुलगी, अजून झालेली नाही ती, दहावीला बसेल.

दोन भावांचं कुलमुखत्यारपत्र आहे असंही एजंट सांगेल. ते नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा अधिकार लिहिलेला आहे का, आणि मुख्य म्हणजे ज्याने दिलं तो माणूस आज जिवंत आहे का हे विचार. देणारा गेला की मुखत्यारपत्र संपतं. मी बँकेत अशा एका कागदावर कर्ज मंजूर व्हायच्या बेतात पाहिलं होतं. सही करणारा वारून आठ महिने झाले होते, आणि ते आम्हाला कळलं कारण शिपाई त्यांच्या वाडीतला होता.

आता सातबाऱ्याची उजवी बाजू, 'इतर हक्क'. सगळे डावीकडची नावं वाचतात आणि उजवीकडे बघतच नाहीत. तुझ्या फोटोत तिथे एका कुळाचं नाव आहे. आपल्याकडे खोती होती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची पद्धत, आणि तिच्याखाली कुळं होती, दुसऱ्याच्या नावावरची जमीन कसणारी. खोती रद्द करणारा कायदा 1949 चा, कूळकायदा 1948 चा, आणि 1 एप्रिल 1957 ला, ज्याला कृषकदिन म्हणतात, कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. कागदोपत्री ती प्रक्रिया अनेक ठिकाणी अर्धवट राहिली. कुळाचं नाव तसंच पडून आहे म्हणजे त्याच्या नातवंडांचा काहीतरी दावा असू शकतो, किंवा नुसतं नाव कमी करायचं राहून गेलेलं असू शकतं. कुठलं ते तहसील कार्यालयातले जुने फेरफार काढल्याशिवाय कळणार नाही. हे काम विकणाऱ्याचं. तुझ्या खर्चाने, तुझ्या रजा घालवून करायचं नाही.

त्याच उताऱ्यात भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 तेही बघ. वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. सिंधुदुर्गात आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा घोळ तू बातम्यांत ऐकला असशील. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या लोकांच्या हातात स्वतःच्या नावाचा कागद नव्हता. तुझ्या जागेचं तसं नाही, पण कोकणातली जमीन दिसते तितकी साधी नसते हे सांगण्यासाठी लिहिलं.

जागा शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल, आणि तुझ्या फोटोत बिनशेतीचा कुठे उल्लेख दिसत नाही, तर घेणारा शेतकरी असावा लागतो. तुमच्यापैकी कुणाच्या नावे किंवा वडिलांच्या नावे सातबारा असेल तर तो दाखला आधी हातात ठेव. एजंट म्हणेल, 'ते नंतर बघू.' नंतर बघायच्या गोष्टींची आपल्याकडे फार मोठी यादी असते.

गडग्याबद्दल, म्हणजे जागेभोवतीच्या दगडी कुंपणाबद्दल, एक. सव्वापाच गुंठे ही उताऱ्यावरची संख्या. गडगा कुणीतरी कधीतरी रचलेला. दोन्ही जुळतीलच असं नाही. भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी करून घ्यायला मालकाला सांग, शेजाऱ्यांना नोटिसा जातील, आणि तेव्हा जे काय बाहेर यायचं ते येईल. विशेषतः विहीर. अर्धी विहीर शेजाऱ्याची, किंवा पाणी भरायचा हक्क वाडीतल्या चार घरांचा, असं निघालेलं मी बरेचदा पाहिलंय. आणि घरापर्यंत जायची वाट? पाखाडीने आलीस की पाणंदीतून? ती कुणाच्या जमिनीतून जाते? विकणारा आयुष्यभर ज्या वाटेने गेला त्या वाटेने तुला जाऊ देतील का, हे त्या जमिनीवाल्याला विचार. मोटारसायकल जाते म्हणून वाट आहे असं समजू नकोस.

पडवीतून समुद्र दिसतो म्हणालीस. किती लांब? भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असशील तर किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागतात, खाडीकाठालाही लागतात. जुनं अधिकृत घर दुरुस्त करणं वेगळं आणि पाहुण्यांसाठी दोन नवीन खोल्या काढणं वेगळं. मिस्टरांच्या त्या दोन खोल्यांचा हिशोब घराच्या किमतीत धरलेला असेल तर तो पुसून टाका. परवानगी मिळेल की नाही हे खरेदीआधी लेखी विचारता येतं. ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर घर लागलेलं आहे एवढ्यावर भागत नाही, घरपत्रक हे घरपट्टी वसूल करण्यासाठी असतं.

आणि 4 लाख रोख. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. दंड त्याला होईल, पण व्यवहार फिसकटला तर ते 4 लाख तू दिलेस हे तू सिद्ध कशाने करणार?

या घराला बँक कर्ज देणार नाही, हे मी खुर्चीवर नसतानाही सांगू शकते. अकरा नावं, कूळ, बिनशेती नाही. म्हणजे 22 लाख उभे करायचे कुठून? नातेवाईक, पतपेढी, सोनं. माझ्या मते पहिलं घर घेणाऱ्याने असल्या जागेत पडूच नये. ज्याच्याकडे एक घर आहे, पैसा पडून आहे आणि वेळ आहे, त्याने खुशाल पडावं. पाच-सात वर्षांनी तुम्हीही पडा. माड तिथेच असतील.

आता कुवारबावची इमारत. ही सरळ गोष्ट आहे, लवकर उरकते. महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्यांचा नोंदणी क्रमांक घे आणि संकेतस्थळावर बघ: ताब्याची तारीख कितीदा पुढे ढकलली, जमिनीवर कर्ज आहे का, खटला आहे का. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त सदनिका असल्या तर नोंदणी बंधनकारक आहे. 'आपल्याकडे रत्नागिरीत ते लागत नाही' हे वाक्य मी स्वतः ऐकलंय आणि ते खोटं आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. क्षेत्रफळ विचारशील तेव्हा कार्पेटच विचार, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं. 'सेलेबल' 850 सांगतील, टेप लावलीस तर आत 560 भरेल.

पण खरी अडचण पैशाची आहे. 36 लाखांच्या घराचं बघ. 8.5 टक्क्यांनी वीस वर्षांसाठी एका लाखाला महिना साधारण 868 रुपये हप्ता पडतो. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, त्यावर गेलीस की 80. म्हणजे तू फार तर 30 लाख काढशील. हप्ता 26 हजार, तुमच्या 58 हजारांतले 45 टक्के. उरलेले 6 लाख तुझे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, बांधकाम चालू असल्याने जीएसटी (45 लाखांच्या आतल्या छोट्या घराला 1 टक्का), वकील, पंखे, ओट्याखालच्या ट्रॉल्या हे सगळं धरून किमतीचा दहावा हिस्सा आणखी जातो. झाले 9 लाख 60 हजार, आणि तुझ्याकडे 9 आहेत. त्यावर दीड वर्ष साडेआठ हजार भाडंही चालू. एकाची नोकरी दोन महिने गेली, किंवा बाळंतपणाची बिनपगारी रजा लागली, तर? तुझ्या पत्रात बाळाचा विषय नाही, मी विचारतही नाही. बँकेतल्या सवयीने हिशोबात धरते.

आता तुला माझीच गोष्ट सांगते.

मी माझं पहिलं घर चिपळुणात घेतलं, 2004 च्या फेब्रुवारीत. तळमजला, बाजारपेठ पाच मिनिटांवर, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. विकणाऱ्याला मी विचारलं होतं, पाणी येतं का. म्हणाला, 'छे हो, रस्त्यापर्यंत येतं कधीतरी.' कागद माझ्यासारखे कुणी तपासले नसतील, तीस वर्षांचा शोध, सूची क्रमांक 2 म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचा उतारा, सगळं. घर बघायला गेले तेव्हा शेजारच्या आजींकडे पाणी प्यायला गेले. त्यांचा फ्रीज मांडीएवढ्या उंच चिऱ्याच्या चौथऱ्यावर ठेवलेला होता. पीठ, तांदूळ सगळं माळ्यावर. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांची तऱ्हा. वाकायला नको म्हणून असेल. विचारलं नाही.

26 जुलै 2005 ला वाशिष्ठीचं पाणी माझ्या छातीपर्यंत आलं. आजींचा फ्रीजही गेला त्या वेळी, ती गोष्ट वेगळी. तीन दिवस चिखल काढला, आणि भिंती धुताना रंगाच्या थराखाली एक जुनी तपकिरी रेघ निघाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. म्हणजे आधीही आलं होतं. ते घर मी पुढे विकलं, घेणाऱ्याला रेघ दाखवून विकलं, म्हणून भाव पडला. 22 जुलै 2021 ला चिपळूण पुन्हा बुडालं तेव्हा मी टीव्हीसमोर बसून ती गल्ली शोधत होते.

तेव्हापासून घर बघायला कुणी बरोबर नेलं की मी आधी शेजारी जाते. फ्रीज कुठे आहे, गाड्या कुठे लावतात, मीटरचा बोर्ड किती उंचीवर आहे. राजापुरात अर्जुना, खेडला जगबुडी, महाडला सावित्री. नदीकाठच्या प्रत्येक गावात निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा निघण्याआधीपासून लोकांनी आपापल्या घरात रेषा आखलेल्या आहेत. डोंगराच्या पायथ्याला असशील तर वरती बघ, कुणी कड खणून काढलीय का. तळियेला 2021 मध्ये दरड कोसळून काय झालं ते तुला सांगायला नको.

म्हणून मला तुझ्या पत्रातलं तिसरं घर आवडलं. तेच, ज्याला तू दोन ओळी दिल्यास.

त्या इमारतीत तू तीन पावसाळे काढलेस. कुठल्या भिंतीला ओल येते, वारा कुठल्या खिडकीतून पाणी आत मारतो, गच्चीवर पत्रे घातल्यापासून वरचं गळणं थांबलं की नाही, मे महिन्यात टँकर येतो का आणि त्याचे पैसे कसे वाटतात, हे सगळं तुला माहीत आहे. एवढा तपास नवीन घराचा करायला तुला तीन वर्षं लागली असती. खाली कोण राहतं आणि वर कोण आपटतं हेही माहीत. 'रोजचीच' म्हणून नाक मुरडलंस, पण घरात रोजच राहायचं असतं ना?

26 लाखांचा हिशोब असा. तुझे 5, बँकेचे 21. हप्ता 18,200 च्या आसपास, पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत. भाडं वाचतं, म्हणजे आजच्यापेक्षा दहा हजारांनी खर्च वाढला. वरखर्चाला अडीच लाख, आणि दीड लाख हातात. त्या दीड लाखाला पंख्यासाठीसुद्धा हात लावू नकोस. तयार घराला, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) असल्यावर, जीएसटी नाही. नोंदणी फी 1 टक्का, पण कमाल 30 हजार. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क शहरापेक्षा कमी पडतं, आणि घर फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर बायकांना 1 टक्का सवलत आहे. 26 लाखांवर 26 हजार. मिस्टरांना कर्जात सहकर्जदार ठेव, घर तुझ्या नावावर घे. सासूबाई काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, तरी लिहिलं.

जमलं तर पंधरा वर्षांचं कर्ज काढ. हप्ता अडीच हजारांनी वाढतो, पण एकूण भरणा साडेसहा लाखांनी कमी होतो. ओढाताण वाटली तर वीसचंच घे आणि बोनस आला की मुद्दलात भर. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक लावू शकत नाही. कर्जासोबत मोठा विमा गळ्यात घालतील तेव्हा 'विचार करून सांगते' म्हणायचं. मीही घातलाय लोकांच्या गळ्यात, टार्गेट असायचं.

आणि घर ओळखीचं आहे म्हणून कागद सोडायचे नाहीत. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत पाहा, नुसतं 'झालंय' नको. बारा वर्षांत सोसायटी नोंदली का, आणि जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे की सोसायटीकडे अभिहस्तांतरण झालंय? नसेल झालं तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरने टाळलं तरी सोसायटीच्या नावावर जमीन करून घ्यायचा, मार्ग आहे, पण ते कुणी धाव घेऊन करायला हवं. बैठकीला जाशील तर तूच अडकशील त्यात. विकणाऱ्याचं आधीचं कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र, मूळ करार, सोसायटीचं ना हरकत, थकबाकी नसल्याचा दाखला. वकिलाकडून पेपरात जाहीर नोटीस दे, दोन आठवडे थांब. खाऱ्या वाऱ्याने बाल्कनीच्या खालच्या बाजूला लोखंड फुगून सिमेंटचा पापुद्रा सुटलेला असेल, तर भाव करताना तिथे बोट दाखव. बारा वर्षांच्या इमारतीत तेवढं निघतंच, त्याने घाबरू नकोस, लाखभर मात्र नक्की कमी करून घे. त्या घरमालकालाही तुझ्यासारखं तयार, ओळखीचं गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नाही.

सासूबाईंचं राहिलं. गणपती भाड्याच्या घरात बसतो, तीन वर्षं बसलाच असेल. या वर्षी पहिल्या मजल्यावरच्यांकडे आरतीला जाऊन या दोघं, प्रसाद घ्या आणि न्हाणीघराची भिंत बघून या. बोलणं नंतर.

एजंटला फोन असा कर: 'आम्हाला घर आवडलंय. वारस नोंद पूर्ण करा, बहिणींची हक्कसोडपत्रं नोंदवा, कुळाचं नाव निकाली काढा, मोजणी करा. हे चारही कागद आले की त्याच आठवड्यात इसार देतो, चेकने.' तो म्हणेल दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. मग त्याला शांतपणे सांग, त्यांना द्या.